फलकावरचे हात

कोऱ्या मांजरपाटाला खळीचा एक वास असतो. शिळ्या पेजेसारखा, किंचित आंबूस, आणि त्या आंबूसपणाच्या तळाशी गोणपाटाची कोरडी धूळ. भोरला माझ्या घराच्या भिंतीला भिंत लागून भाभीची ओसरी होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिथे मांजरपाटाचे तागे येऊन पडले आणि हा वास भिंत ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात आला. पुढे तो माझ्या पदरात, मुलींच्या निबंधांच्या वह्यांत मुरला. दुपारी मशिनी सुरू झाल्या की माझ्या मांडणीवरची भांडी हलकेच किणकिणत. वह्या तपासता तपासता मी त्या किणकिणण्याच्या मात्रा मोजत बसे. कवितेची सवय लागलेल्या माणसाला दुसरे काय येते?

भाभीला सारी आळी भाभी म्हणे, तिच्याहून वडील माणसेसुद्धा. माहेर नसरापूरचे, सासर भोरचे. नवरा टेम्पो घेऊन बहुतेक वेळ वरंध घाटापलीकडे. घर चाले ते तिच्या पायांवर, म्हणजे मशीनच्या पायट्यावर. बोलणे खणखणीत, हसणे त्याहून खणखणीत. तिच्या उजव्या तर्जनीच्या नखाला मधोमध एक उभी फट होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मशीनची सुई आरपार गेली होती, त्याची ती खूण. नख पुन्हा उगवले, पण दोन भागांत उगवले. मी ज्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते, त्या शाळेचे गणवेश वर्षानुवर्षे ती शिवत आली होती. जून जवळ आला की ओसरीवर निळ्या कापडाचे डोंगर उभे राहत आणि आळीतल्या साऱ्या दोऱ्यांना निळा रंग चढे. ते काम तिच्या घराचा कणा होते, हे तिने मला कधी सांगितले नाही. सांगावे लागावे असे ते नव्हतेच.

तो काळ दोन हजार सालानंतरचा. कात्रजचा घाट उतरल्यावर महामार्गाला लागून एक अजस्र स्वस्त दुकान उघडले होते. साखर, तेल, साबण, चादरी, बादल्या, सारे एका छपराखाली, आणि भोरच्या वाण्यापेक्षा स्वस्त. आमच्या तालुक्यात त्याला कुणी त्याच्या नावाने ओळखत नसे. मॉलचे ‘माल’ करून ‘मालात जाऊन आलो’ म्हणत. सणावाराच्या आधी चार घरे मिळून जीप ठरवत, कामथडीची, नसरापूरची माणसे वाटेत चढत, आणि परतीच्या वाटेवर जीपच्या टपावर पिशव्यांचा ढीग फडफडत येई. त्या पिशव्या मग वाऱ्यावर निघत. नीरेच्या काठच्या करंजांना त्या उन्हाळ्यात पानांपेक्षा पिशव्याच अधिक दिसत. वारा सुटला की त्यांचा आवाज होई. तो पानांच्या सळसळीची नक्कल करी, पण ती नक्कल साधत नसे. त्यात ओल नव्हती.

आणि मग त्याच दुकानाचा एक साहेब एका सकाळी भाभीच्या दारात उभा राहिला.

पांढरा सदरा, मऊ आवाज, चपला बाहेर काढून आत येण्याचा विनय. त्याने सांगितले की दुकान आता प्लॅस्टिक सोडणार आहे. पृथ्वी वाचवायची आहे. त्यासाठी कापडी पिशव्या हव्यात, आणि त्या गावाकडच्या बायकांनी शिवलेल्या हव्यात, म्हणजे पृथ्वीही वाचेल आणि बायकाही. कापड दुकानच देईल, हिरवे पान आणि दुकानाचे नाव छापलेले. काम एवढे असेल की दुसऱ्या कशाला सवड मिळणार नाही. मी ओसरीच्या कडेला उभी राहून ऐकत होते, आणि खरे सांगते, मला ते आवडले. करंजावरच्या पिशव्या मी रोज पाहत होते. कुणीतरी मोठे माणूस त्याविषयी बोलते आहे, हेच मला पुष्कळ वाटले.

भाभीने गणवेशांचे काम सोडले. दोन्ही एकदम होणार नव्हती. मुख्याध्यापिकांनी ते दुसऱ्या शिंप्याला दिले आणि तो काही परत करणार नव्हता. भाभीने आणखी मशिनी आणल्या, आळीतल्या बायका बसवल्या. वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांतल्या काही जणी बाजारच्या दिवशी एसटीने खाली येत, दुमडी घातलेल्या पिशव्या घेऊन जात आणि कोपरे हाताने शिवून पुढच्या बाजाराला परत आणत.

त्यांत एक म्हातारी होती. तिला सगळ्या आत्या म्हणत. डोंगरावरच्या धनगरवाड्यातली, शेळ्यामेंढ्यांच्या घरातली, कपाळ मोकळे, हात मोकळे. अंगाला ताकाचा आणि लोकरीचा वास. मशीनकडे ती संशयाने बघे. सुई मात्र तिच्या बोटांत अशी चाले, जणू कापडाच्या आतून कुणी ती ओढून घेते आहे. तिने हे काम का धरले, ते तिने पहिल्याच दिवशी सांगितले होते. तिची दुभती गाय पोट फुगून मेली. पोट फाडले तर आत पिशव्यांचा गोळा. “निळ्या, काळ्या, पांढऱ्या,” ती म्हणाली, “धुऊन वाळत घातल्या आस्त्या तर पुन्यांदा वापरता आल्या आस्त्या. गाय तेवढी न्हाई आली.” हे सांगताना ती हसली होती. बाकी कुणी हसले नाही.

आमच्या मावळपट्टीत गोधडी रिती शिवत नाहीत. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्यात तांदळाचे दोन दाणे ठेवतात, कुणी भाकरीचा कण ठेवते. पांघरणाचे पोट रिकामे राहिले तर पांघरणाऱ्याचेही राहील, अशी समजूत. आत्याने पहिली पिशवी हातात घेतली, कोपरा दुमडला आणि कमरेच्या बटव्यातून दाणे काढून आत सरकवले.

भाभीने ते पाहिले. “आत्या, काय करता? पिशवी हाय ती. दुकानात इकायची हाय, लगीन न्हाई लावायचं तिचं!”

“रिती देऊ व्हय?” आत्या म्हणाली. “तुज्या घरी कुनी रितं भांडं परत करतं का? साखर तरी घालत्यात का न्हाई चिमटीभर?”

“घालत्यात की. पर ते शेजाऱ्याला. ह्यो दुकानवाला आपला कोन?”

“दुकानवाला ऱ्हाऊ दे. ज्या बाईच्या हातात पिशवी जाईल, ती तर कुनाची कोन आसंलच ना?”

भाभी मशीनकडे वळली. ती पायट्यावर पाय ठेवण्याआधी रोज बिस्मिल्ला म्हणे. त्या दिवशी तिने ते म्हटले, आणि आपल्या डब्यातून मूठभर तांदूळ काढून मशीनजवळच्या बशीत ठेवले. “आमच्यात बी रितं देत न्हाईत,” ती कुणाकडे न बघता म्हणाली. त्यानंतर तिच्या ओसरीवरून जी पिशवी गेली, तिच्या कोपऱ्यात दाणे होते. अंगठ्याने चाचपले तर लागत. मला तो स्पर्श फार आवडे. कापडाच्या आत लपलेला, मुक्या शब्दासारखा एक कणखरपणा.

मग दुकानातल्या फलकासाठी छायाचित्र काढायला माणसे आली. साहेब होता, कॅमेरावाला होता, चकाकणारी पांढरी छत्री होती. कॅमेरावाल्याला चेहरे नको होते. हात हवे होते.

“का वं?” आत्या म्हणाली. “माजं त्वांड काय वंगाळ हाय का?”

“आजी, हातात कष्ट दिसतात,” तो म्हणाला.

“आन् तोंडावर काय माज दिसतो?”

सगळ्या हसल्या. त्यानेही हसून तिचे हात पिशवीवर नीट मांडले, मागे सरकून पाहिले, आणि मान हलवली. हात मोकळे दिसतात, म्हणाला. हिरव्या बांगड्या घालता येतील का? पिशवीवरच्या पानाला शोभतील.

ओसरीवरच्या बायकांनी आत्याच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिले. आत्याने आपले हात पिशवीवरून उचलले आणि पदराखाली घेतले. कॅमेरावाल्याला कळलेच नाही काय झाले ते. साहेबाला कळले असावे, कारण त्याने घड्याळात पाहिले. तेव्हा भाभी उठून पुढे आली, बाह्या सारख्या केल्या आणि म्हणाली, “माजं घ्या. माज्या हातात हायती बांगड्या.” फलकावर गेले ते हात तिचे.

पाऊस सुरू झाला, आखाड सरला, श्रावणाची चिकट ओल भिंतींना चढली, आणि एका दुपारी गेलेल्या पिशव्या टेम्पोत भरून परत आल्या. दुकानाच्या गोदामात ओलीने कोपऱ्यांतल्या दाण्यांना टोक्यांची कीड लागली होती. किडे पिशव्यांतून निघून शेजारच्या रव्याच्या पोत्यांत शिरले होते. साहेब स्वतः आला नाही. त्याने फोनवर सांगितले की मालात खाद्यपदार्थ सापडले आहेत, सगळा माल नाकारला आहे, आणि हे असे कुणी का करील हे वरच्या लोकांना समजत नाही.

“समजंल कसं?” भाभी म्हणाली आणि फोन ठेवला.

मग उसवणे सुरू झाले. साफ करून परत दिल्या तर घेऊ, असे शब्द नव्हते, पण बायकांनी तसा अर्थ धरला. आळीतल्या बायका, डोंगरावरून आलेल्या बायका, शाळा सुटल्यावर मीसुद्धा, आम्ही ओसरीवर बसून कोपरे उसवले. दोऱ्याचा करकर आवाज, सुपात पडणाऱ्या पोखरलेल्या दाण्यांचा पीठपीठ वास, आणि ते बारीक काळे किडे, मनगटांवरून चालणारे. आत्या सगळ्यांच्या मधोमध बसली होती. तिला कुणी एक शब्द बोलले नाही, आणि तेच तिला लागले. जाताना ती भाभीला म्हणाली, “शिव्या तरी दे गं.” भाभीने दिल्या नाहीत. पुढच्या बाजाराला आत्या आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

पिशव्या कुणी घेतल्या नाहीत. काम दुसरीकडे गेले आहे, एवढे कळले. त्या साऱ्या पिशव्या भाभीने भोरमध्ये वाटून टाकल्या. पुढे वर्षभर आमच्या बाजारात माणसे त्या दुकानाच्या नावाची हिरवी पाने खांद्याला लावून वांगी आणि मेथी नेत होती. एवढी जाहिरात त्या दुकानाला कुणी फुकट करून दिली नसेल. ओसरीवर मशिनी झाकून ठेवल्या गेल्या. भाभी परकर शिवू लागली, फाटके उसवून जोडू लागली, आणि पुढल्या जूनमध्ये माझ्या शाळेच्या मुली दुसऱ्याच शिंप्याने शिवलेल्या निळ्या गणवेशात प्रार्थनेला उभ्या राहिल्या. मी ओळींमधून फिरत होते. खांद्यांवरची शिवण वाकडी होती.

त्या दिवाळीच्या आधी मीही मालात गेले. का गेले, हा प्रश्न मला विचारता येतो. उत्तर सोपे आहे, तेल स्वस्त होते. दारातून आत पाऊल टाकताच थंड हवेचा झोत अंगावर आला आणि त्याबरोबर वास. साबणाचा, नव्या रबराचा, पॉलिशचा, आणि या सगळ्यांवर फवारलेला मोगऱ्यासारखा एक वास, ज्याने कधी मोगरा पाहिलेला नाही. पेरू एकेक करून पारदर्शक पापुद्र्यात गुंडाळलेले. कोथिंबिरीची जुडी प्लॅस्टिकच्या कोटात. डाळी, तांदूळ, गूळ, सारे प्लॅस्टिकमध्ये गुदमरलेले. तांदळाच्या ढिगात हात घालावा, दाणा दाताखाली धरून पाहावा, अशी तिथे जागाच नव्हती. आणि पैसे द्यायच्या खिडकीवर तो फलक: ‘सह्याद्रीतील आदिवासी भगिनींनी हाताने शिवलेली पिशवी. वसुंधरेसाठी एक टाका.’

खाली हात होते. तर्जनीच्या नखाला मधोमध फट होती.

मी पिशवी उचलली. दिसायला कापड, हिरवट, दाणेदार विणीचा भास. माझा अंगठा आपसूक कोपऱ्याकडे गेला. तिथे दाणा नव्हता, हे अपेक्षितच होते. पण तिथे टाकाही नव्हता. कोपरा चिकटवलेला होता, तापवून दाबून, जसे दुधाच्या पिशवीचे तोंड. मी सारी पिशवी उलटीपालटी केली. तिच्यात कुठेही दोरा नव्हता.

“ही पिशवी कुणी शिवली?” मी खिडकीवरच्या मुलीला विचारले.

“मागे बारकोड आहे, मॅडम.”

“बारकोडने शिवली?”

मागे रांग खोळंबली होती. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक गृहस्थ म्हणाला, “ओ बाई, घ्या न्हाईतर सोडा! आमची यष्टी काय पिशवीत भरून न्यायची का?” रांग हसली. मीही त्या रांगेतलीच होते. मी बाजूला झाले आणि व्यवस्थापकाला बोलवा म्हटले.

तो आला. हा साहेब नव्हता, दुसरा होता, पण आवाजाचा मऊपणा तोच. बहुधा तो गणवेशाबरोबर मिळत असावा. मी फलकाकडे बोट दाखवून विचारले, “हे हात कुणाचे?”

“मॅडम, चित्र प्रातिनिधिक असतं.”

“या बाई माझ्या शेजारी राहतात. त्यांच्या पिशव्या तुम्ही परत पाठवल्या. ही त्यांनी शिवलेली नाही. ही कुणीच शिवलेली नाही.”

“भावना महत्त्वाची आहे, मॅडम. भावना खरी आहे.”

“आणि कापड?”

“कापडासारखंच आहे ते. पुन्हा पुन्हा वापरता येतं.”

“गाईने खाल्लं तर?”

तो हसला. अगदी मोकळेपणाने, मला विनोद समजेल या खात्रीने. “गाय आमची ग्राहक नाही, मॅडम.” मग लगेच चेहरा सारखा करून त्याने मला एक छापील कागद दिला. ‘आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे.’ मत लिहिण्यासाठी त्यावर दोन ओळींची जागा होती.

मी तेल घेतले. पिशवीही घेतली, पुरावा म्हणून. घरी येऊन तिच्यावर गरम पातेल्याचे बूड टेकवले तर ती आक्रसून, चुरमडून पातेल्याला चिकटली आणि घरभर जळक्या कंगव्याचा वास सुटला. तो वास घेऊनच मी शेजारी गेले आणि भाभीला सगळे सांगितले. ती पाटीतली मेथी निवडत होती.

“आदिवासी?” ती म्हणाली. “मी? म्या कवा झाले?” आणि तिचे ते खणखणीत हसणे आळीभर झाले. “सासूबाई आसत्या तर झाडूच घेतला आसता त्यांनी.” हसू ओसरल्यावर तिने मेथीची एक काडी मोडली आणि हळूच विचारले, “बाई, बोटं बरी आली का वं माजी? त्ये नख दिसतं का लई?”

दिसते, मी म्हटले.

“दिसू दे,” ती म्हणाली.

मी लिहिले. दुकानाच्या मुख्य कचेरीला लिहिले, शहरातल्या एका ग्राहकसंस्थेला लिहिले. माझी भाषा चांगली आहे. मी ती त्या दिवसांत जशी वापरली तशी कवितेसाठीही कधी वापरली नव्हती. प्रत्येक वाक्य घासूनपुसून, धार लावून. कुणाच्या हातांचे चित्र लावून दुसऱ्याच्या यंत्राचा माल विकणे याला काय म्हणतात, ते सांगा, अशी मी त्यांना विनंती केली. पुष्कळ दिवस उत्तर नाही. मग संस्थेच्या रेट्याने असेल, उत्तर आले. कंपनी आपल्या मूल्यांविषयी गंभीर आहे, प्रत्यक्ष भोरला येऊन पडताळणी केली जाईल, सोबत संस्थेच्या प्रतिनिधीही असतील. दिवसही कळवला. मला आनंद झाला. लहान मुलाला व्हावा तसा, निखळ.

तो दिवस उजाडण्याच्या आदल्या सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा साहेबाची जीप भाभीच्या दारात उभी होती. दुपारी परतले तेव्हा ती गेली होती, आणि ओसरीवर हिरव्या पट्ट्यांची भेंडोळी ठेवलेली होती. पिशवीला धरायला लावतात ते पट्टे.

भाभी माझ्याकडे आली. नेहमी ती मागच्या दाराने, हाक मारत येई. त्या दिवशी पुढच्या दाराने आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

“आत या ना.”

“न्हाई, हितंच बरं हाय.” ती थोडा वेळ माझ्या दाराच्या कडीशी खेळत राहिली. “बाई, उद्या तुमी यायलाच पायजे का?”

“यायला नको?”

“नको कसं म्हनू? घर तुमचंच हाय.” कडी वाजली. “त्यो म्हनतो, काम देतो परत. आख्खं न्हाई, पट्टं तेवढं. पिशवीला लावायला. चार बायका बसतील माज्याकडं. फकस्त उद्या त्या बाई इचारतील तवा…”

तिने वाक्य पुरे केले नाही. मी ते पुरे करू शकत होते, भाषा माझी चांगली होती. पण मी म्हटले, “आणि खरं काय आहे ते?”

ती माझ्याकडे पाहू लागली. रागाने नाही. रागाने पाहिले असते तर मी सावरले असते.

“खरं तुमी ठिवा, बाई,” ती म्हणाली. “तुमच्याकडं कपाट हाय. माज्याकडं ठिवायला जागा न्हाई. तिथं मशिनी हायती.”

“हे तुमच्यासाठीच चाललंय, भाभी.”

“म्या कुठं सांगितलं हुतं?”

हे तिने अगदी साधेपणाने विचारले. जाता जाता ती वळली. “आन् आत्याला सांगावा धाडू नगा. ती बोलती.”

संध्याकाळभर मी भिंतीपलीकडे कान देऊन बसले. मशीन एकदा सुरू झाली, थोडी चालली, थांबली. बहुधा ती पट्टा जोडून पाहत होती. मी काय करावे, याचा विचार केला असे म्हणता येणार नाही. माझे ठरलेले होते. एवढ्या धडधडीत खोट्यासमोर माणूस गप्प कसे राहील, असे मला वाटत होते. आणि याहून खोल, जिथे शब्द नीट पोहोचत नाहीत तिथे, माझी खात्री होती की ऐनवेळी, माझ्यासमोर, तिला ते बोलवणार नाही. शेजारपणाचा एवढा विश्वास मी धरून होते.

ते सकाळी आले. साहेब, आणि संस्थेच्या एक बाई. खादीची साडी, दमलेले, भले डोळे. ओसरी झाडून सारवल्यासारखी स्वच्छ होती. झाकणे काढलेल्या मशिनींपुढे चार बायका बसल्या होत्या, मान खाली घालून पट्टे शिवत होत्या. साहेबाने फलकाचे एक लहान चित्र आणले होते, ते खांबाला लावले होते. भाभी खांबाजवळ उभी होती, बांगड्या नव्या.

खादीच्या बाईंनी चित्र पाहिले, भाभीचे हात पाहिले. “हे हात तुमचेच,” त्या म्हणाल्या.

“व्हय की. नखावरनं कळतंय.”

“आणि पिशव्या?”

भाभी काही बोलण्याआधी साहेब बोलला. काम या केंद्रातच चालते, टप्प्याटप्प्याने, काही प्रक्रिया बाहेर होते, पण मूळ हात हेच. बाई लिहून घेऊ लागल्या. मशिनी चालत होत्या. मला त्यांच्या आवाजात त्या दिवशी कसलीच लय सापडली नाही.

मी पुढे झाले. माझ्याजवळ ती आक्रसलेली, पातेल्याला चिकटून सोडवलेली पिशवी होती. मी ती बाईंना दाखवली, कोपरा दाखवला, दोरा कुठे आहे ते शोधा म्हटले. त्यांनी कोपरा चाचपला आणि त्यांची लेखणी थांबली. साहेबाच्या चेहऱ्यावर प्रथमच कोरडेपणा आला. त्या क्षणी मी जिंकले होते. माझ्या हाती एवढेच उरले होते की हे ज्यांचे आहे त्यांच्या तोंडून वदवून घ्यावे. खादीच्या बाईंनाही तेच हवे होते. नुसत्या पिशवीवरून भागणार नाही, त्या हळूच म्हणाल्या, मला यांचे म्हणणे लिहावे लागेल.

चारही मशिनी थांबल्या. बायकांनी माना वर केल्या नाहीत. त्यांच्या मांड्यांवर हिरवे पट्टे अर्धे शिवलेले पडले होते. मी भाभीसमोर जाऊन उभी राहिले, इतकी जवळ की तिच्या श्वासातला वेलदोडा मला कळत होता. पिशवी मी तिच्या हातात दिली. तिने ती घेतली, नीट घेतली, जसे कुणाचे पाहुणे मूल घ्यावे तसे.

“माझ्याकडे बघून सांगा, भाभी,” मी म्हटले. “ही पिशवी तुम्ही शिवली?”

तिने माझ्याकडे पाहिले. मागे बसलेल्या चौघींकडे पाहिले नाही, साहेबाकडे पाहिले नाही. डोळे हलू न देता ती माझ्याकडेच पाहत राहिली आणि म्हणाली,

“व्हय.”